उजेडीचा मुका

६ जानेवारी

घड्याळाचं तेल पुरवणाऱ्या कंपनीने यंदा कॅलेंडरऐवजी डायरी पाठवली. सूनबाई म्हणाली, "बाबा, किराणा लिहायला घेऊ का?" मी म्हटलं, हात लावायचा नाही. एकसष्टाव्या वर्षी माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी जमलंय, त्यात साबण आणि साखर नको.

वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणीतरी भाषण करतं. फेब्रुवारीचा रविवार मी मागून घेतलाय. विषय: 'आपल्या गल्लीतली उजेडी: एका भाकडकथेचा समाचार'. ग्रंथपालाने विषय वाचून चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लोक रागावतील," म्हणाला. रागावू देत की. रागावलेले लोक निदान झोपत तरी नाहीत.

उजेडी म्हणजे आमच्या गल्लीचं भूत. गल्लीच्या टोकाला घड्याळांचा जुना कारखाना होता, कित्येक वर्षं बंद पडलेला. त्यातून म्हणे संध्याकाळी एक तरुण बाई बाहेर पडते. तिचे केस, बोटं आणि दात चमकत असतात. जो कोणी ब्रश, पेन्सिल, दोरा असलं काही ओठाला लावतो, त्याचा ती मुका घेते. मुका घेतला की दात पडतात, मग माणूसच जातो. मी तीस वर्षांपूर्वी दुकान घेऊन या गल्लीत आलो तेव्हा हे ऐकून पोट धरून हसलो होतो. पण इथे कोणी हसत नाही. सगळ्या जगात बाया सुईत ओवायच्या आधी दोऱ्याला जीभ लावतात. आमच्या गल्लीतला शिंपी मेणाचा तुकडा ठेवतो.

८ जानेवारी

कारखाना गेल्या महिन्यात पाडला. पाडणाऱ्या ठेकेदाराचं मनगटी घड्याळ मी दुरुस्त करून दिलं होतं, त्या ओळखीवर आज एक लाकडी कपाट माझ्या दुकानात येऊन पडलं. चोवीस खणांचं. जुन्या तबकड्या, काटे, बारीक ब्रश, आणि तळाच्या खणात बोटभर उंचीच्या काचेच्या चार बाटल्या, पिवळट भुकटीच्या. चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्यात. सूनबाई कपाटाभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "हे बाहेर ओट्यावर ठेवूया ना." ती याच भागात लहानाची मोठी झालेली. मी म्हटलं, उजेडी खणात बसून आली असेल तर तिलाही चहा विचारू. ती हसली नाही.

समोरच्या माडीवर खिडकीत एक म्हातारी बसलेली असते. ऐंशीच्या पुढची असेल. जिना उतरत नाही, त्यामुळे तिचं सगळं जग म्हणजे माझं दुकान. आज खालून ओरडून विचारलं, "आजी, उजेडीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?" तिने माझ्याकडे बघितलं आणि खिडकी लावून घेतली. तीस वर्षांत ती खिडकी दिवसा लावलेली मी पाहिली नव्हती.

११ जानेवारी

नवा धंदा सुरू! जुनी घड्याळं जमवणारा एक हौशी गृहस्थ आहे, त्याने गजराची चाळीस घड्याळं आणून दिली आहेत. सगळी आपल्याच कारखान्यातली. आकड्यांवरचा अंधारात चमकणारा रंग टवके उडून गेलाय, तो पुन्हा भरायचा. अट एकच, नवं काम नवं दिसता कामा नये.

इथेच तर घोडं अडलं होतं. बाजारात मिळणारी चमकणारी भुकटी हिरवी असते, कच्च्या टोमॅटोच्या फोडीसारखी. जुन्या आकड्यांचा रंग पिकलेला, सायीसारखा. तीन दिवस मी चहा, हळद, करपलेलं वार्निश, सगळं मिसळून पाहिलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, ते खायचं आहे का?" आज सकाळी डोक्यात प्रकाश पडला. कपाटातल्या बाटल्या! ती भुकटी आता मुळीच चमकत नाही, कपाटाच्या अंधारात धरून बघितली, मेलेली आहे. पण रंग हुबेहूब तोच. चिमूटभर जुनी, दोन चिमटी नवी, वर वार्निशचे थेंब. तबकडीवर लावलं तर कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं, मलाच भिंगातून ओळखता येईना. स्वतःची पाठ थोपटता येत नाही ही माणसाच्या शरीरातली मोठी चूक आहे.

माझे डोळे आता सातच्या आकड्याला दगा देतात. सूनबाईचा हात मात्र दगडासारखा स्थिर. तिला शिकवायला बसलो. माझे गुरू शिकवायचे तसंच: ब्रश रंगात बुडवायचा, ओठांत धरून टोक काढायचं, मग आकडा. चिंधीने टोक निघतं पण फाटतं, ओठाने केसासारखं निघतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्यासमोर तीनदा करून दाखवलं. "बघ, आहेत का दात जाग्यावर?" तिने ब्रश घेतला. म्हणाली, तुमच्या सावलीत दिसत नाही, आणि पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसली. पहिली तबकडी दीड तासात भरली. इतकं सुबक काम मी माझ्या उमेदीतही केलं नसेल.

१५ जानेवारी

एक नवलाची गोष्ट. बाजारातली भुकटी उजेड दाखवला तरच चमकते, आणि तासाभरात थकते. माझं मिश्रण तसं नाही. रंगवलेल्या सहा तबकड्या परवा कपाटात ठेवल्या होत्या, कडी लावून. आज सकाळी दार किलकिलं करून डोकं आत घातलं तर सगळे आकडे टक लावून माझ्याकडे बघतायत! दोन दिवस उजेडाचं तोंड न बघता. जुनी भुकटी मेलेली, नवी तासाभराची, आणि दोघी मिळून दोन दिवस. असं का व्हावं? वार्निशमुळे असेल. त्या हौशी गृहस्थाला अजून सांगत नाही, आधी नीट समजून घेतो.

सूनबाईला दाखवलं. ती दारातूनच म्हणाली, "दिसलं." तिचा पदर मांडीवर ओला झालेला होता. विचारलं तर म्हणाली, पाणी सांडलं. तिच्या टेबलावर हल्ली पाण्याची वाटी असते, घसा कोरडा पडतो म्हणे.

१९ जानेवारी

शेजारच्या फोटोवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं. पंचवीस वर्षांची मैत्री आहे, तो मला टिकटिक म्हणतो. त्याचं दुकान पत्र्याचं, तापतं, म्हणून तो फिल्मचे रोल माझ्याकडे ठेवतो. या वेळी मी ते नव्या कपाटात ठेवले, तळाच्या खणाच्या वरच्या खणात. चार रोल. त्याने शाळेच्या सगळ्या वर्गांचे गटफोटो त्यावर काढले, धुतले, आणि सगळी शाळा धुक्यात उभी.

"रोलला उजेड लागलाय," तो म्हणाला. "तू डबे उघडलेस."

"मी कशाला तुझे डबे उघडू? तुझंच रसायन शिळं असेल."

"टिकटिक, मी चाळीस वर्षं रोल धुतोय. बंद डब्यात धुकं शिरत नाही."

"मग उजेडीने उघडले असतील," मी म्हटलं. त्याने माझ्या टेबलावर ठेवलेला चहा तसाच सोडला आणि गेला. आता परत सगळ्या वर्गांना उभं करायचं म्हणजे त्याची पंचाईत आहे, ते कळतं मला. पण चूक माझी नाही.

२४ जानेवारी

सूनबाईचं काहीतरी बिनसलंय. सकाळचा चहा नको म्हणते. वार्निशचा वास आला की उठून ओट्यावर जाऊन बसते. कामाच्या मध्येच दोनदा मोरीत गेली. मुलाची बोट अजून तीन महिने बंदराला लागणार नाही, त्याची आठवण येत असेल. किंवा मी फोटोवाल्याशी भांडलो ते आवडलं नसेल. विचारलं तर म्हणते, "काही नाही हो बाबा, दमले." तरी हल्ली तिला दिवसाला एकच तबकडी देतो.

भाषणासाठी लोकांना भेटतोय. शिंप्याने त्याच्या आईकडून ऐकलंय की उजेडीचं लग्न मोडलं होतं. भाजीवालीच्या मते ती कारखान्याच्या मालकाच्या मागे लागली होती. म्हणजे नेहमीचंच. बाई मेली की आधी तिच्या चालीवर शिंतोडे. मला वाटतं, मालकानेच भूत सोडलं असेल, कामगारांनी रंग चोरू नये म्हणून. हा तर्क मला फार पटलाय. सकाळी दाढी करताना दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला.

२ फेब्रुवारी

तर्क कोसळला, पण हाती जे लागलं ते सोनं आहे.

कपाटाच्या एका खणात तळाला कागद अंथरलेले होते. ते सोडवले. एक कारखान्याची सूचना आहे, छापील: 'तबकडी विभागातील मुलींनी ब्रशचे टोक ओठांनीच काढावे. पाणी अथवा चिंधी वापरल्याने रंग वाया जातो. चिंधी आढळल्यास काढून घेण्यात येईल.' म्हणजे मालकाला ओठच हवे होते! मग ओठ लावणाऱ्याला धरणारं भूत मालक कशाला सोडेल? भूत तर थेट मालकाच्या विरुद्ध पक्षातलं निघालं. अशी भानगड मी कुठल्याच भुताबद्दल ऐकलेली नाही. भुतं साधारणपणे वरच्या लोकांच्या सोयीने वागतात.

दुसरा कागद मुलींच्या हजेरीचा. बावीस नावं, त्यातल्या सातांवर एकाच वर्षात रेघ मारलेली. कामचुकार म्हणून काढल्या असाव्यात. आता नवा तर्क असा: मुलींना रंगाची चव आवडत नसणार, त्यांनीच काम टाळायला भूत रचलं. चव मला विचाराल तर काहीच नाही, जराशी खडूसारखी. तीन आठवडे मी स्वतः बारीक काटे भरतोय, ओठानेच.

सूनबाईला कागद वाचून दाखवला. तिने तो माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. मग विचारलं, "या सात जणी पुढे कुठे गेल्या असतील?" मला काय माहीत? म्हटलं, घरी गेल्या असतील.

८ फेब्रुवारी

आज सकाळी नऊला फोटोवाला आला. वीस दिवस तो माझ्या दुकानावरून मान वळवून जात होता. आला तो थेट कपाटाशी.

"टिकटिक, मी एक लबाडी केली. सोमवारी तू पोस्टात गेला होतास तेव्हा सूनबाईंना विचारून तुझ्या कपाटात एक पाकीट ठेवलं. काळ्या कागदाचं, दोन थरांचं. आत फोटोचा कोरा कागद. पाकिटावर माझ्या दुकानाची किल्ली, आणि तिच्यावर तुझी ती बाटली."

"मग?"

त्याने खिशातून फोटो काढला. काळ्या कागदावर पांढरी किल्ली. दात मोजता येतील इतकी स्वच्छ.

मी म्हटलं, "छान आलीय." खरंच तसं म्हटलं मी. मला वाटलं, तो समेट करायला आलाय.

"अरे, कॅमेरा नव्हता!" तो ओरडला. "उजेड नव्हता. त्या बाटलीतून काहीतरी निघतं आणि काळ्या कागदातून आरपार जातं. असं एकाच जागी होताना मी पाहिलंय, दवाखान्यात एक्स-रे काढतात तिथे. मी तिथल्या बाईंना फोन केलाय. त्या म्हणाल्या, बाटल्यांना हात लावू नका, दुकान बंद करा. आणि विचारलं, ते कोणाच्या पोटात तर गेलं नाही ना?"

मी बसलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: ओठात ब्रश धरायला तिला मी शिकवलं. अठ्ठावीस तबकड्या. प्रत्येक तबकडीवर बारा आकडे, प्रत्येक आकड्याला दोनदा तरी टोक काढावं लागतं. आणि तिचा सुटलेला चहा, मोरीत धावणं, ओट्यावर बसणं. हे सगळं मी याच डायरीत लिहीत होतो आणि खाली मुलाची आठवण येत असेल म्हणून मोकळा होत होतो. मला स्वतःचा इतका संताप याआधी कधी आला नव्हता.

ती आतून आली. मी म्हटलं, "सूनबाई, मी तुझा घात केला गं." आणि रडायला लागलो, फोटोवाल्यासमोर.

तिने आधी फोटोतली किल्ली बघितली. फोटोवाल्याने तिला सगळं सांगितलं. मग ती माझ्यासमोर खाली बसली.

"बाबा, रागावणार नसाल तर एक सांगू? मी एकदाही ब्रश ओठाला लावला नाही."

"एकदाही?"

"मांडीवर ओली चिंधी ठेवायचे. तिच्यावर ब्रश फिरवून टोक काढायचे. म्हणून तर पाठ करून बसायचे, तुम्हाला दिसू नये म्हणून."

"अगं पण का?"

"लहानपणापासून भीती आहे. उजेडीची. तुम्ही हसला असतात." मग ती फोटोवाल्याकडे पाठ करून हळूच म्हणाली, "आणि अशा अवस्थेत तर मी मुळीच लावला नसता. मला दिवस गेलेत बाबा. तिसरा महिना लागलाय. ह्यांचा बोटीवरून फोन आला की आधी त्यांना सांगायचं होतं."

मी काय बोललो ते आठवत नाही. फोटोवाला म्हणतो, मी तिला पुनःपुन्हा विचारत होतो, नक्की ना, एकदाही नाही ना. आणि ती प्रत्येक वेळी न कंटाळता सांगत होती, नाही बाबा, एकदाही नाही.

१२ फेब्रुवारी

परवा दवाखान्यातल्या किरणोत्सर्गाच्या मोजणीच्या बाई आल्या होत्या. हातात तव्याएवढं यंत्र. कपाटाशी नेलं तर ते असं कडकडलं की शिंपी दुकान सोडून बघायला आला. बाटल्या, तबकड्या, ब्रश, सगळं शिशाच्या डब्यात भरून गेलं. कपाटही गेलं. टेबलाचा वरचा थर तासून नेला. बाई म्हणाल्या, ते रेडियम आहे. चमक थकते ती त्याच्यात मिसळलेल्या चमकणाऱ्या भुकटीची, रेडियम थकत नाही. मी नवी भुकटी घालून त्याला नवा जोडीदार मिळवून दिला. वार्निशचा काही संबंध नाही.

आज निकाल. सूनबाईची बोटं, नखं, केस, श्वास, सगळं स्वच्छ. पोटातल्या बाळाची काळजी करण्यासारखं काही नाही, फक्त पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. हे मी बाईंकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी लिहूनच दिलं.

माझ्या श्वासात मात्र आहे. थोडं आहे, पण मोजण्याइतकं. फुगा फुगवून घेतला माझ्याकडून. बाई म्हणाल्या, महिनाभराचंच आहे, वय एकसष्ट, बहुधा तुम्ही दुसऱ्याच कशाने तरी जाल. स्पष्ट बोलणारी बाई आहे. दर सहा महिन्यांनी फुगा फुगवायला जायचं. भीती वाटते का? वाटते. आज दात घासताना एकेक हलवून बघितला. पण सूनबाईचा कागद उशाशी ठेवलाय आणि भीतीपेक्षा त्या कागदाचं वजन जास्त आहे.

गल्लीतल्या सगळ्या शहाण्यांत मी एकटाच भुताला न घाबरणारा, आणि फुगा माझा एकट्याचाच भरला. फोटोवाला हे मला रोज ऐकवणार आहे, त्याने तसं कळवलंय.

१७ फेब्रुवारी

दुपारी समोरची आजी दुकानात आली. जिना उतरून. शिंप्याने एका बाजूने धरलं होतं, सूनबाईने दुसऱ्या. आत आल्यावर तिने कपाटाची मोकळी जागा बघितली.

"जुन्या बाटल्या आहेत हे मला माहीत असतं तर तेव्हाच उतरले असते," ती म्हणाली. "तुला ब्रश चाटताना बघायचे. वाटायचं, नवा रंग असेल, हल्लीचे रंग साधे असतात म्हणे. तरी हिला एकदा वर बोलावून विचारलं होतं, ओठाला लावतेस का गं? नाही म्हणाली. मग स्वस्थ बसले. तू एक मूर्ख होतास तर होतास."

मी मान्य केलं.

मग तिने सांगितलं ते असं. मी मध्ये फार बोललो नाही, तेव्हा जमेल तसं तिच्याच शब्दांत लिहितो.

"ती माझी थोरली बहीण. एकोणीस वर्षांची. मी अकराची. कारखान्यातून घरी यायची तेव्हा केसांत, बाह्यांवर ती भुकटी असायची. पांघरुणात मी तिच्या बोटांच्या उजेडात माझे धडे वाचायचे. एकदा तिने मला हसवायला दात रंगवले आणि अंधाऱ्या खोलीत नुसती हसली. मी किती हसले! नंतर तिचा दात दुखायला लागला. दात काढला, तर जखम भरेना. मग दुसरा. मग जबड्याचं हाडच हातात यायला लागलं. कारखान्याच्या डॉक्टरने सांगितलं, हा वाईट चालीच्या बायकांचा रोग आहे. झालं. लोकांनी आमच्या दारावरून जाणं सोडलं. ती गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरेनात."

"आणि बाकीच्या मुली?" सूनबाईने विचारलं.

"त्या रोज ब्रश चाटतच होत्या. मी आणि आई एकेकीच्या घरी गेलो. सांगितलं, तो रंग खातोय तुम्हाला. कोण ऐकणार? डॉक्टर एक सांगतो, आणि बदनाम झालेल्या पोरीची आई दुसरं सांगते. शिवाय कामही बरं होतं. सावलीत बसून करायचं. त्या वर्षात अजून सहा गेल्या. मग मी भूत सांगितलं. मी, एकटीने, आईला न विचारता. तिच्या ओढणीवरची भुकटी झटकून तोंडाला लावली आणि संध्याकाळी सुट्टी व्हायच्या वेळेला फाटकाशी उभी राहिले. मुली किंचाळत पळाल्या. दुसऱ्या दिवशी मीच सगळ्यांना सांगत फिरले, ताई आली होती, जिच्या ओठाला ब्रश लागतो तिचा मुका घेते. आठवड्याभरात सगळ्या जणी घरून चिंध्या आणायला लागल्या. मुकादम ओरडला, चिंध्या काढून घेतल्या, तर कामावरच येईनात. खरं सांगितलं होतं तेव्हा एकीने ऐकलं नव्हतं रे."

मी ती कागदावरची सात नावं आठवत होतो. त्यांना मी कामचुकार लिहिलंय. ते पान फाडावं असं वाटलं, पण फाडत नाही. माझ्याच हाताचं आहे.

"आई त्यानंतर माझ्याशी नीट बोलली नाही," आजी म्हणाली. "मरेपर्यंत. म्हणायची, लोकांनी पोरीला बदनाम केलं आणि तू तिचं भूत केलंस. खरंच होतं ते. तिचं नाव कोणी घेईना. पोरं उजेडी म्हणून एकमेकांना घाबरवायची आणि मी खिडकीत बसून ऐकायचे. ती इतकी मवाळ होती, तिला माशी मारवायची नाही." आणि मग तिने सूनबाईचा हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून बघितली, नखं बघितली. बराच वेळ सोडला नाही.

सूनबाईने विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

आजीने तिच्या कानात सांगितलं. मग माझ्या. म्हणाली, लिहू नकोस, नुसतं लक्षात ठेव. म्हणून लिहीत नाही.

मी तिला सांगितलं की रविवारी माझं भाषण आहे. विषय तिला माहीत होता, सगळ्या गल्लीला आहे. म्हटलं, "आजी, तुम्ही परवानगी दिलीत तर सगळं खरं सांगतो. कारखाना, सूचना, डॉक्टर, सात जणी. त्यांच्यावरचा डाग धुतला जाईल. उजेडी वगैरे काही नव्हती हे एकदाचं सगळ्यांना कळेल."

"ते रेडियम का काय, संपलं का सगळं?"

"इथलं नेलं. पण कारखाना पाडला त्याचा राडारोडा कुठे कुठे पडलाय, ते शोधतायत. किती घड्याळं घरोघरी असतील, देव जाणे."

"किती वर्षं टिकतं ते?"

मोजणीच्या बाईंनी मला सांगितलं होतं. "सोळाशे वर्षांत निम्मं होतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"पुढच्या सोळाशेत त्याचं निम्मं."

आजीने बोटांवर काहीतरी मोजलं.

"खरं सांग," ती म्हणाली. "सगळं सांग. तिचे हाल झाले ते सांग. पण ताईला घालवू नकोस. तिला अजून बराच काळ थांबावं लागणार आहे."

२३ फेब्रुवारी

वाचनालय भरलं होतं. फोटोवाला पहिल्या रांगेत, सूनबाई आणि आजी त्याच्या शेजारी. आजीला खुर्चीत बसवून चौघांनी आणलं. मी तासभर बोललो. सूचना वाचून दाखवली. किल्लीचा फोटो हातोहात फिरला. सात जणी होत्या आणि सातही जणी भल्या घरच्या, भल्या चालीच्या होत्या, हे मी दोनदा सांगितलं. माझा फुगाही सांगितला. लोक माझ्यावर हसले, ते बरंच झालं.

शेवटी मागच्या रांगेतला एक शिक्षक उठला. चांगला माणूस आहे, महिन्यापूर्वी मी बोललो असतो तसाच बोलला. "म्हणजे थोडक्यात, उजेडी खोटी. एवढंच स्पष्ट सांगा, म्हणजे उद्या मुलांना वर्गात सांगता येईल."

मी उत्तर तयार करून आणलं होतं. चांगलं लांबलचक होतं, दोन्ही बाजू सांभाळणारं. आजीने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यातला एक शब्द आठवेना.

"नाही," मी म्हटलं. "ती आहे. मुलांना सांगा, ब्रश ओठाला लावू नका."

शिक्षक काही तरी बोलणार होता, पण शेजारच्या बाईने त्याचा सदरा ओढला आणि तो खाली बसला. आम्ही आजीला घरी पोचवलं. जिना चढताना ती सूनबाईला म्हणाली, मुलगी झाली तर मला दाखवायला आण, मुलगा झाला तरी आण.